कै. लक्ष्मीबाई टिळक

भिंगारजवळ आलमगीर येथे औरंगजेब बादशहाच्या मृत्यूची जागा दाखवितात. १६८१ साली दक्षिणेत उतरलेला तो बादशहा १७०७ साली येथेच वारला. ही गोष्ट इकडील मुलांसही ठाऊक आहे. परंतु भिंगारास लागूनच असलेल्या नगर शहरात, मरणाचे घाव पुन्हा पुन्हा सोसूनही जिने जगण्याकडे पाठ फिरविली नाही, अशी एक बाई राहत होती. तिची हकीकत आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस असावी तितकी ठाऊक नाही, म्हणून ती येथे देत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. कोवळ्या वयातच नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिली अपत्ये लहानपणीच गेली. पुढे १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पती जिवंत असताही लक्ष्मीबाईंवर वैधव्याहून बिकट प्रसंग आला. लहानग्या दत्तूस घेऊन त्यांनी कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. नगरास पतीजवळ आल्यावरही आपली चूल व पाणी त्यांनी निराळेच ठेविले. आधी त्यांच्या मनातील शिवाशिव गळून पडली, व मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांचे आप्त विश्वासामुळे दुरावले आहेत अशा बंधुभगिनींनी हा काळ घाईने वाचून पुढे जाऊ नये.

नगरच्या त्या घरात पैसा कधी टिकला नाही. माणसे मात्र नेहमी भरलेली असत. टिळक हाती येईल ते देऊन टाकीत, आणि चूल पेटविण्याची चिंता लक्ष्मीबाईंस पडे. त्या रुसत, भांडत, व ते त्यांनी कधी लपविलेही नाही. त्यांस साध्वी ठरविण्याची घाई करणे आम्हांस बरे वाटत नाही. तरी आलेल्या पाहुण्यास, पोरक्या पोरास त्यांनी पान वाढले. शहरात प्लेग आला तेव्हा लोक रोग्यापासून पळत होते. त्या शुश्रूषेस गेल्या. बालकवी ठोंबरे याच घरात पोटच्या पोरासारखे राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून ते ऐन तारुण्यात गेले. वर्ष उलटते न उलटते तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईस निवर्तले.

त्या वेळी लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. आमच्या समाजात अशा बाईने कोपरा धरावा अशीच अपेक्षा असे, व काही गावी ती अद्याप आहे. लक्ष्मीबाईंनी कोपरा धरला नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरे शिकलेल्या या बाईने ते हाती घेतले, आणि एकामागून एक ६४ अध्याय रचिले. काही काळ त्या मुलाकडे कराचीस होत्या. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या, व ‘स्मृतिचित्रे’ या नावाने त्या १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत मृत्यू आहेत, ताटातूट आहे, उपासमार आहे. तरी वाचणाऱ्यास हसू आवरत नाही, आणि ते हसू बहुधा त्यांच्या स्वतःच्याच फजितीचे असते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकास प्रभूमध्ये निजल्या. ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता, तो देवदत्तांनी लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून झाला.