ऑपरेशननंतर मालिश करावी का? गांधीजींच्या दोन शस्त्रक्रियांची गोष्ट

तुमच्या घरी नुकतेच कोणाचे ऑपरेशन झाले असेल, तर एक प्रश्न घरात नक्की निघाला असेल: तेल लावून अंग चोळून दिले तर चालेल का? छत्रपती संभाजीनगरमधल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न जवळपास रोज येतो. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पाठ अवघडली म्हणून कोणी विचारते, तर सिझरनंतर मालिशवाली बाई कधी लावायची म्हणून कोणाची आई विचारते. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज तुम्हाला एका रुग्णाची गोष्ट सांगतो. हा माणूस तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पण रुग्ण म्हणून बहुधा माहीत नसेल.

मोहनदास करमचंद गांधी. गोळ्या-औषधांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. माती, पाणी, आहार आणि मालिश यांवर मात्र होता. तरीही दोन वेळा ते सर्जनच्या टेबलावर गेले, आणि दोन्ही वेळा महाराष्ट्रात: एकदा मुंबईत, एकदा पुण्यात.

वडिलांचे पाय

गोष्ट सुरू होते राजकोटला, १८८५ मध्ये. वडील करमचंद भगंदराने अंथरुणाला खिळले होते आणि सोळाव्या वर्षातला मोहनदास त्यांची शुश्रूषा करत होता. जखम धुऊन पट्टी बांधणे, औषध देणे आणि रोज रात्री पाय चेपणे ही त्याची कामे होती. वैद्यांचे लेप झाले, हकिमांच्या पट्ट्या झाल्या, गावठी औषधेही झाली. एका इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया सुचवली, पण घरच्या डॉक्टरांनी या वयात नको म्हणून ती थांबवली. करमचंद गेले. पुढे आत्मकथेत गांधीजींनी आपले मत लिहून ठेवले आहे: शस्त्रक्रिया होऊ दिली असती तर ती जखम बरी झाली असती, असे त्यांना वाटत राहिले. निसर्गोपचाराचा पुरस्कार करणाऱ्या माणसाचे हे मत आहे, हे लक्षात घ्या.

त्या शेवटच्या रात्रीही ते पायच चेपत होते. काकांनी सुटी दिली म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि काही मिनिटांतच दारावर थाप पडली. ती बोच त्यांना आयुष्यभर राहिली. तशीच बोच घेऊन माझ्याकडे येणारे नातेवाईक मी पाहतो. कोणी नेमके चहा प्यायला खाली गेले होते, कोणाला त्या रात्री डोळा लागला होता. त्यांना मी एवढेच सांगतो की पाय चेपल्याने मरण थांबत नसते आणि उठून गेल्याने ते येतही नसते.

पाय चेपण्यावरून एक अनुभव सांगायलाच हवा. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पैठणकडच्या एका आजींचे मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले होते. घरी आल्यावर सून रोज रात्री कोमट तेलाने त्यांची पोटरी जोर लावून चोळत होती. पोटरी सुजली, दुखू लागली, तेव्हा तिने मालिश वाढवली. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. एकच पाय सुजलेला, गरम आणि दाबल्यावर दुखणारा होता. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. ती गुठळी मालिशीने झाली नव्हती. ऑपरेशन आणि अंथरुणावर पडून राहणे यामुळे रक्त गोठण्याची शक्यता वाढते, त्यातून ती झाली होती. पण अशी पोटरी जोराने चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि मग जीवावर बेतते. आजी वाचल्या. सुनेला मात्र मला तासभर समजवावे लागले की तिने वाईट काही केले नव्हते, तिला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा ऑपरेशननंतर एकाच पायाला सूज, दुखणे, गरमपणा किंवा लाली दिसली, तर त्या पायाला हात लावू नका, शेक देऊ नका, रुग्णालयात या. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर सकाळची वाट पाहू नका.

नडियाद, माथेरान, मुंबई

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना गांधीजींना आमांश झाला. औषध नको, इंजेक्शन नको, असा त्यांचा हट्ट होता. शरीर इतके खंगले की आपण वाचत नाही असे त्यांना वाटू लागले. त्या काळात त्यांच्याकडे केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ आले. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले होते, पण पदवी न घेता बाहेर पडले होते. सगळ्या अंगाला बर्फ लावण्याचा त्यांचा उपचार होता, त्यामुळे लोक त्यांना बर्फाचे डॉक्टर म्हणत. गांधीजींनी स्वतःवर तो प्रयोग होऊ दिला. पुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले की केळकर परिणामाचा जो दावा करत होते, त्याला आपण दुजोरा देऊ शकत नाही. पण त्या उपचाराने त्यांच्यात उमेद आली, भूक लागू लागली आणि ते पाच-दहा मिनिटे चालू लागले.

मला हा प्रसंग फार आवडतो. मालिश, शेक, बर्फ यांबद्दल आजही बरेचसे असेच आहे. ऑपरेशननंतर हातापायांची हलकी मालिश केल्यावर रुग्णांची वेदना आणि काळजी काही वेळ कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. जखम त्यामुळे लवकर भरते, असे मात्र म्हणता येत नाही. बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. पण बरे वाटले की माणूस जेवतो, झोपतो, उठून चालतो, आणि त्याने बरे होण्याला मदत होते.

आमांश ओसरला. हवापालटासाठी गांधीजी माथेरानला गेले, पण तिथले जड पाणी मानवले नाही. गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी असह्य वेदना होत. ज्यांना फिशर झाले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ते मुंबईला आले. डॉ. दलाल यांनी त्यांना दूध घ्यायला सांगितले. दूध न पिण्याचे व्रत होते, म्हणून कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग काढला. थोडी ताकद आल्यावर, १९१९ च्या जानेवारीत, डॉ. दलाल यांनी चिरांची शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. आधी पोषण, मग शस्त्रक्रिया हा क्रम आजही, घाई नसेल तेव्हा, आम्ही पाळतो.

सगळेच त्यांनी बरोबर केले असे नाही. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांचे ऑपरेशन झाले, तेही अशक्तपणामुळे क्लोरोफॉर्म न देता. नंतर मांसाचा रस देण्यावरून डॉक्टरांशी मतभेद झाला आणि गांधीजींनी त्यांना तशाच नाजूक अवस्थेत, पावसात, फिनिक्स आश्रमात हलवले. पाण्याचे उपचार केले आणि त्या हळूहळू सावरल्या. निकाल चांगला लागला, म्हणून निर्णय चांगला होता असे मी म्हणणार नाही. तुमच्या रुग्णाला आहाराबद्दल अडचण असेल, तर आज डॉक्टरांशी बोलून दुसरा आहार नक्की ठरवता येतो. त्यासाठी सुटी घेऊन घरी नेऊ नका.

ससूनमधली रात्र

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवडा तुरुंगात गेले. जानेवारी १९२४ मध्ये पोटात दुखू लागले. अपेंडिक्सला सूज असल्याचे निदान झाले आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. थांबणे धोक्याचे होते. १२ जानेवारीच्या रात्री त्यांनी संमतीच्या निवेदनावर सही केली. श्रीनिवास शास्त्री तेव्हा जवळ होते. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. संमतीपत्रावर सही करताना तुमच्या वडिलांचा हात थरथरला तर त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मखाली शस्त्रक्रिया सुरू केली. बाहेर वादळ झाले आणि वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही बंद पडली. शेवटी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पूर्ण झाले. जे काम मातीची पट्टी किंवा मालिश करू शकली नसती, ते सर्जनच्या हातांनी केले. अपेंडिसायटिसमध्ये पोट चोळणे, शेकणे किंवा जुलाब देणे आजही धोक्याचे आहे, कारण सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते.

पुढचा काळ मात्र सोपा नव्हता. जखमेच्या जागी पू झाला आणि भरून येणे लांबले. पेनिसिलिन अजून सापडलेही नव्हते. ते १९२८ चे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारने त्यांची सुटका केली, तरी मुक्काम रुग्णालयातच होता. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्रकाठी गेले. तिथे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा गर्दी करू नका, असे लोकांना सांगावे लागले. आपल्याकडे आजही पाहुणे रुग्णाला थकवतात आणि रुग्ण संकोचाने बसून राहतो. घरातल्या एकाने वाईटपणा घ्यावा. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा साप्ताहिकांचे संपादन हाती घेतले, मे अखेरपर्यंत ते जुहूलाच होते. म्हणजे एका अपेंडिक्सला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. आज दुर्बिणीने ऑपरेशन झालेला रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. तरीही पोट उघडून ऑपरेशन झाले असेल, तर साधारण सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, कडेवरचे मूल यांपासून लांब राहा. त्वचा वरून जुळलेली दिसते, पण आतली ताकद काही महिन्यांत हळूहळू येते आणि मूळ ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपुढे जात नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या काही दिवसांत खरा उपयोग होतो तो पावले वरखाली हलवण्याचा, पोटावर उशी धरून खोल श्वास घेण्याचा आणि डॉक्टरांनी सांगितले की उठून चालण्याचा. तळहात, खांदे, मान यांवरून हलका हात फिरवायला सहसा हरकत नसते. जखमेवर आणि तिच्या आजूबाजूला तेल नको, हळद नको, चोळणे नको. जखम पूर्ण बंद झाली, खपली गेली, पाणी येत नाही आणि सर्जनने होकार दिला, की मग काही आठवड्यांनी व्रणावर स्वच्छ बोटांनी साधे खोबरेल तेल लावून दोन-चार मिनिटे हलका दाब देता येतो. त्याने खाज आणि ओढ कमी होते असे बऱ्याच जणांना जाणवते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराची मालिश नकोच, काळेनिळे पडते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर शेक देऊ नका, भाजलेले कळत नाही. सिझर झालेल्या बाळंतिणीचे हातपाय हलके चोळले तर चालते, पण पोट दाबू नका आणि शेक-शेगडी टाक्यांपासून दूर ठेवा. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हाताला सूज आली तर ते काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचेच, घरच्या चोळण्याचे नाही.

परचुरे कुटी

उतारवयात गांधीजींना रक्तदाबाचा त्रास होता. सेवाग्रामला त्यांची रोज मालिश होई, पोटावर मातीची पट्टी ठेवली जाई. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. मार्च १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले. पण मला त्यांच्या हातांचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळ्याच ठिकाणी दिसतो.

येरवड्यात त्यांची ओळख झालेले संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने खचून सेवाग्रामला आले. त्या काळी कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढत. गांधीजींनी आपल्या झोपडीजवळच त्यांना कुटी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालिश करत. राजकोटचा तोच मुलगा, आता सत्तरीचा. शास्त्रींचा रोग मालिशीने जाणार नव्हता. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तेव्हा ती नव्हती. ज्याला कोणी शिवत नव्हते, त्याला रोज एक माणूस हात लावत होता. परचुरे कुटी सेवाग्राममध्ये अजून आहे. वर्ध्याला गेलात तर बघा.

पैठणच्या आजी गेल्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. गुठळीची औषधे चालू आहेत, वॉकर घेऊन चालतात. सून सोबत होती. ती आता रोज रात्री त्यांचे तळहात चोळून देते, पायांना फक्त मोजे घालते, आणि पोटरीला कधीपासून हात लावायचा ते दर वेळी विचारते.