फादर स्टीफन्स यांचे पुराण आणि आपला मोबाइल



हल्ली मिस्साची वेळ बदलली, कुणाच्या घरी मयत झाले, क्रूसाच्या वाटेची भक्ती किती वाजता आहे, हे सारे आपल्याला व्हॉट्सॲपवर कळते. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आणि आखातात गेलेला जावई गावच्या सणाचे फोटो त्याच दिवशी पाहतात. ही सोय मोठीच आहे. पण त्यामुळे एक प्रश्न पुढे येतो. चर्चचा निरोप मोबाइलवर टाकला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला असे समजायचे का? या प्रश्नाचा विचार करताना चारशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूंची आठवण होते. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे धर्म पाळणे कठीण होते. ते रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९मध्ये लिस्बनहून त्यांचे गलबत निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहून कळवली. भारतात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचेच नाव घेतले जाते. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते भारतातच राहिले. त्यांतील बहुतेक काळ त्यांनी गोव्याच्या साष्टी भागात सेवा केली.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात त्याचा संताप होता. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्यांचे मृतदेह परत आणण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आले. त्यानंतरही ते साष्टीतच राहिले आणि लोकांची भाषा शिकत राहिले. कोकणी त्यांना इतकी अवगत झाली की त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली ते राशोल येथे छापले गेले. मराठीवर तर त्यांचा जीवच जडला होता.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. त्यांची जुनी पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली होती, पण त्या जागी वाचायला, ऐकायला काहीच मिळाले नव्हते. म्हणून आम्हालाही एखादे पुराण द्या, अशी विनंती लोकांनी केल्याचे फादर स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे. त्यांनी ती विनंती मनावर घेतली. आपल्या लोकांना ओवी कानाने कळते, हे त्यांनी ओळखले होते. एकाने वाचावे आणि दहाजणांनी बसून ऐकावे, ही इथली जुनी रीत. मग त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत रचली. त्यात कोकणी शब्द आले आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा लोकांच्या तोंडचा शब्दही आला. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बाईलाही ती कथा ऐकून समजेल, अशी ती रचना होती.

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. दक्षिणेत १५७८मध्ये तमिळ लिपीत ख्रिस्ती पुस्तक छापलेही गेले होते. आपल्याकडेही इथल्याच लिपीत पुस्तके छापावीत, अशी फादर स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती मांडली. पण जोडाक्षरांसह शेकडो खिळे पाडावे लागणार होते, आणि ते काम काही झाले नाही. तरी ते रुसून बसले नाहीत. जे साधन हाती होते तेच त्यांनी वापरले. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. छापण्याआधी ते वरिष्ठांनी तपासले होते. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापण्यात आले.

नंतर काय झाले, ते आपण नीट लक्षात घ्यावे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नेला आणि पिढ्यान् पिढ्या वाचला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. १९५६ साली पुण्याहून तो देवनागरीत निघाला. आपल्याच लिपीत यावा ही फादरांची इच्छा अशी साडेतीनशे वर्षांनी पुरी झाली.

आज आपण एक बोट दाबले की मजकूर शंभर घरी जातो. त्या काळी ख्रिस्तपुराणाची एक प्रत करायला कितीतरी महिने बसून लिहावे लागत असेल. लोकांनी एवढे कष्ट घेतले, कारण त्यांना त्या मजकुराची गरज होती. आपण पुढे पाठवतो त्यातले किती मजकूर कुणी हाताने उतरवून घेतील, हे स्वतःलाच विचारून पाहावे.

ख्रिस्तसभा नव्या साधनांना घाबरलेली नाही. १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर खास आदेशपत्र काढले आणि १९६७पासून जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जातो. व्हॅटिकनची वेबसाइट १९९५च्या नाताळात सुरू झाली. पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची वेबसाइट तयार करणारा कार्लो अक्युटिस हा तरुण ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झाला. तेव्हा आपणही ही साधने जरूर वापरावीत. मात्र फादर स्टीफन्स यांच्यासारखी वापरावीत.

म्हणजे काय करावे? मजकूर आपल्या लोकांच्या बोलण्यातल्या मराठीत असावा. पाठवण्यापूर्वी तो जाणत्या माणसाने तपासावा. आजाऱ्याचा किंवा मयताचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी टाकू नये. खात्री नसलेली बातमी चर्चच्या नावाने पुढे जाऊ नये. आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, जे चार-चार दिवस होडीवर समुद्रात असतात, त्यांची आठवण ठेवावी. शेजारच्या आजीला हे पत्रक वाचून दाखवणे हेही संपर्काचेच काम आहे. एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, याच रीतीवर फादर स्टीफन्स यांनी आपले सारे पुराण उभे केले होते.

या रविवारी घरी जाताना एक पत्रक जास्त न्या आणि ज्यांना मिस्साला येता आले नाही अशा एका घरी द्या. पाच मिनिटे बसून ते वाचूनही दाखवा. परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.