बर्थ मोरिझो : पाळणा, बाग आणि ज्युली

हिवाळ्याच्या सकाळी रास अल खोरच्या खाडीत पाणी, धुके आणि फ्लेमिंगोंचे थवे एकमेकांत असे मिसळतात की रेषा उरतच नाहीत, उरतो तो प्रकाश. असाच निसटता प्रकाश रंगांत पकडण्याचा ध्यास घेतलेल्या फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकारांत बर्थ मोरिझो ही एक होती.

तिचा जन्म १८४१ मध्ये बूर्ज येथे, एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या घरी झाला. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. तो मिळाला १८९७ मध्ये, बर्थच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. म्हणून ती आणि तिची बहीण एडमा खासगी शिक्षकांकडे शिकल्या. निसर्गचित्रकार कोरोने त्यांना उघड्यावर रंगविण्याची दृष्टी दिली. १८६४ च्या सलाँमध्ये दोघींचीही चित्रे स्वीकारली गेली. पुढे १८६९ मध्ये एडमाने नौदलातील अधिकाऱ्याशी विवाह केला आणि तिचे चित्रकार म्हणून आयुष्य तेथेच थांबले.

हे ठाऊक असले की १८७२ चे ‘पाळणा’ हे चित्र निराळे दिसू लागते. झिरझिरीत पडद्याआड निजलेले तान्हे मूल आणि गालाला हात लावून त्याच्याकडे पाहणारी एडमा. मातृत्वाचा गोडवा म्हणून त्याचे पुष्कळ कौतुक झाले. मला तरी त्या नजरेत थोडा थकवाही दिसतो. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडले गेले. सहभागी चित्रकारांत बर्थ एकटीच स्त्री होती. चित्र विकले गेले नाही.

त्याच वर्षी तिने एदुआर मानेचा भाऊ युजीन याच्याशी विवाह केला. तिने मात्र कुंचला खाली ठेवला नाही. गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी केवळ १८७९ चे तिने चुकविले, कारण आदल्या नोव्हेंबरात ज्युली जन्मली होती.

सहकारी पुरुष कॅफे आणि मद्यगृहे रंगवीत. तिच्यासारख्या घरंदाज स्त्रीला तेथे एकटीने जाणे अशक्य होते. तिच्या वाट्याला आले घर, अंगण आणि मूल. तेवढ्यातच तिने आपले विश्व उभे केले. बूजिव्हालच्या बागेतील १८८१ च्या चित्रात युजीन बसला आहे आणि चिमुकली ज्युली त्याच्या मांडीवरील खेळण्यात गढली आहे. ती चित्रासाठी बसलेली नाही. ती खेळते आहे. मूल काय आणि ऊन काय, दोन्ही स्थिर राहत नाहीत. म्हणूनच बर्थचे फटकारे इतके घाईचे, आणि पुष्कळदा कॅनव्हासच्या कडा कोऱ्याच.

१८९२ मध्ये युजीन गेला. १८९५ मध्ये आजारी ज्युलीची शुश्रूषा करताना बर्थही आजारी पडली आणि २ मार्च रोजी निवर्तली. ज्युली तेव्हा सोळा वर्षांची होती. चारशेहून अधिक तैलचित्रे मागे ठेवणाऱ्या या स्त्रीच्या मृत्युदाखल्यावर व्यवसाय नसल्याची नोंद झाली. आपल्यापैकी ज्या उच्चशिक्षित भगिनींच्या निवासी व्हिसावर ‘गृहिणी’ असा शिक्का उमटला, त्यांना हा रकाना अपरिचित नसावा.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तिच्या सुमारे चारशे कलाकृतींचे प्रदर्शन भरले. देगा, मोने आणि रेन्वार यांनी स्वतः उभे राहून चित्रे लावून घेतली. ज्युलीही त्यांच्यासोबत होती.