दारातला नकार

भिवंडीजवळचं आमचं वळ म्हणजे गोदामांचं गाव. ट्रक आला की आधी चलान बघतात. माल चुकीचा असेल तर दारातूनच परत. एकदा सही दिली की जबाबदारी आपली. मित्रांनो, ई-मेललाही हाच नियम लावणारा माणूस म्हणजे जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात त्या आरएफसींचे ते १९६९ पासून संपादक. नको असलेले संदेश नाकारायची सोयच संगणकाकडे नाही, हे त्यांनी १९७५ सालीच आरएफसी ७०६ मध्ये मांडलं. १९८२ साली त्यांनी एसएमटीपी लिहिला. त्यात २५० हा कोड म्हणजे मेल घेतली, आता जबाबदारी माझी. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे साफ नकार. १९९८ साली ते गेले, नियम मात्र अजून चालू आहे.

प्रोजेक्टसाठी मी मेल सर्व्हर बसवला, तेव्हा हे कळलं. स्पॅमअसॅसिन ५ गुणांना टॅग लावतं. कोणावर अन्याय नको म्हणून मी ४० गुणांची मेलही टॅग लावून आत घ्यायचो. फोल्डर तुंबला आणि ६ गुणांचं माझं इंटरव्ह्यूचं पत्र त्यातच बुडालं. पाठवणाऱ्याला वाटलं, मिळालं!

आता १५ च्या वर २५० देण्याआधीच ५५४ देतो. चुकून खरी मेल अडली, तर पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर कळवतो. ५ ते १५ ला टॅग, आणि तो छोटा फोल्डर मी रोज बघतो. मात्र आधी घेऊन मग परत पाठवू नका; खोट्या पत्त्यामुळे ती भलत्याच माणसाकडे जाते.