शुश्रूषेला शिक्षणाचे रूप देणाऱ्या रमाबाई

आळंदीची यात्रा म्हटली की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीचा घाट, ओल्या वस्त्रांनिशी देवळाकडे निघालेले वारकरी आणि टाळमृदंगाचा गजर उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी याच आळंदीत, आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत, नऊवारी नेसलेल्या काही शिक्षित स्त्रिया यात्रेकरू बायकांच्या मदतीसाठी येत असत. त्यांच्यासमवेत साठीकडे झुकलेल्या एक विधवा बाई असत. त्या होत्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई आणि सोबतच्या स्त्रिया होत्या पुणे सेवासदनाच्या स्वयंसेविका.

रमाबाईंचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले व ते आजही वाचले जाते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने तर त्यांना घराघरांत पोहोचविले. परंतु त्या पुस्तकाचा शेवट न्यायमूर्तींच्या निधनापाशी होतो. त्यानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षे जगल्या. त्या वर्षांत त्यांनी जे उभे केले, त्याविषयी त्यांनी स्वतः असे पुस्तक लिहिले नाही. परिणामी पतीकडून अक्षरे गिरवणारी बालिकावधू सर्वांच्या लक्षात राहिली आणि शेकडो स्त्रियांच्या हाती शुश्रूषेची विद्या देणारी कर्ती स्त्री मात्र काहीशी मागे पडली. खरे तर आजच्या शहरी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी हीच दुसरी रमाबाई आहे.

२५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह बत्तिशीकडे झुकलेल्या विधुर माधवरावांशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकाने स्वतः मात्र कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पुढे घरातच मराठीची धुळाक्षरे आणि मग इंग्रजी, असे रमाबाईंचे शिक्षण सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे, असा क्रम अनेक वर्षे चालला. १८८४ मध्ये पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखविले, तेव्हा तर घरातल्या वादळाला सीमा राहिली नाही.

या काळातील एक हकिकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. सरकारी कामानिमित्त रानडे दांपत्य कलकत्त्यास राहिले असता माधवरावांनी बंगाली शिकावयास घेतली. हजामत करण्यास येणाऱ्या न्हाव्यालाच ते वाचताना अडलेले शब्द विचारू लागले. रमाबाईंनी या गुरूवरून त्यांची थट्टा केली, तेव्हा माधवरावांनी दत्तात्रेयाने केलेल्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. विद्या कोणाकडूनही घ्यावी आणि तीत कमीपणा मानू नये, हे रमाबाई घरच्या घरी शिकल्या ते असे. पुढे पांढरपेशा घरांतील मुलींना रुग्णालयाच्या खाटांपाशी उभे करताना त्यांना हीच शिकवण उपयोगी पडली असावी.

१८९३ मध्ये माधवराव उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व बिऱ्हाड मुंबईस गेले. तीनच वर्षांनी त्या शहरात प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला. त्या साथीत पुण्याने एक तेजस्वी बलिदान पाहिले. सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग कसा पसरतो हे तोवर कोणास ठाऊक नव्हते. उंदरांवरील पिसवांचा त्याच्याशी असलेला संबंध सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिला तो १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य होण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. करुणेची या समाजात वाण नव्हती. वाण होती ती रुग्णाला हात कसा लावावा आणि स्वतःला कसे जपावे, या ज्ञानाची.

हा प्रश्न रमाबाईंच्या घरातही येऊन ठेपला. माधवरावांना हृदयविकार जडला होता. रमाबाईंनी रात्रीचा दिवस करून त्यांची सेवा केली, डॉक्टरांचे उपचारही चालू होते. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा रमाबाईंना एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्यास जेमतेम आठवडा उरला होता.

हृदय बंद पडलेल्या माणसासाठी तेव्हा घरच्यांच्या हाती काहीच नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने व वेगाने दाबत राहिल्यास मेंदूला रक्ताचा पुरवठा काही काळ टिकविता येतो, ही पद्धत अमेरिकेतील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. आज सीपीआर या नावाने ती शाळकरी मुलालाही शिकविता येते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, प्रौढाच्या बाबतीत सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत खंड न पाडता. जी विद्या रमाबाईंच्या काळात सामान्य माणसापाशी नव्हती, ती आज एखाद्या दुपारच्या वर्गात मिळते. तरीही आपल्यापैकी कितीजणांनी ती दुपार काढली आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

वैधव्यानंतर रमाबाई पुण्यास परतल्या आणि मंडईजवळच्या रानडे वाड्यात त्यांनी वर्षभर जवळजवळ एकांतवास पत्करला. त्यातून त्या बाहेर पडल्या त्या वेगळ्याच वाटेने. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या, सुधारगृहातील मुलांकडे व रुग्णालयांतील आजाऱ्यांकडे जाऊ लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी स्त्रियांना आश्रय देणारी व त्यांना परिचारिका म्हणून तयार करणारी संस्था काढण्याचे ठरविले. मार्गदर्शनासाठी ते आले रमाबाईंकडे. त्यातून मुंबईचे सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात सेवासदनाचा आरंभ झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे संघटनकौशल्य आणि रमाबाईंचे नैतिक वजन, या दोहोंवर ही संस्था वाढली.

वाचन-लेखन आणि शिवणकाम यांसाठी मुलींना पाठविण्यास पुणेकर हळूहळू तयार झाले. रुग्णशुश्रूषा व प्रथमोपचार यांची गोष्ट मात्र निराळी होती. नर्स हा शब्दच तेव्हा कुलीन घरांत उच्चारला जात नसे. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू पुसायचा, रात्रपाळी करायची आणि तेही कोणत्या जातीचा रुग्ण आहे हे न पाहता! सोवळेओवळे, अब्रू आणि जात या तिन्ही भिंती एकाच वेळी ओलांडाव्या लागत. ससून रुग्णालयाची इमारत १८६७ पासून उभी होती. पण तेथे मुलींना शिकण्यासाठी धाडणे म्हणजे मुली हातच्या गमावणे, अशी समजूत होती. रमाबाईंनी यावर भाषणांपेक्षा व्यवस्थेचा उपाय योजला. शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहे काढली, घरच्यांना भरवसा वाटेल अशी देखरेख ठेवली आणि न्यायमूर्तींच्या पत्नीचे नाव ढालीसारखे पुढे केले. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली आणि वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुली या दोहोंची सोय त्यांनी लावून दिली. यांत विधवांचा भरणा मोठा होता. ज्यांना घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापलीकडे जागा नव्हती, त्या पगार मिळविणाऱ्या परिचारिका झाल्या.

एका प्रसंगी मात्र रमाबाईंचा संताप उफाळून आला. सेवासदनाच्या एका समारंभात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक तरुण विधवा, त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन केलेली आणि आलवण नेसलेली, व्यासपीठावर आली. ते पाहून प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या. तुमच्यापैकी कोणाच्या घरात विधवा बहीण, आत्या वा मावशी नाही, असे त्यांनी त्या शिकलेल्या तरुणांना विचारले आणि क्रूर रूढीचा बळी ठरलेल्या मुलीला हसताना लाज कशी वाटली नाही, असा जाब मागितला. सभागृह चिडीचूप झाले. कुचेष्टा झाली ती पोषाखाची, पण त्या पोषाखातली मुलगी आजाऱ्याच्या उशाशी उभी राहण्याची विद्या शिकत होती आणि हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती येत नव्हती.

आळंदीकडे वळायचे ते या पार्श्वभूमीवर. यात्रा म्हणजे त्या काळी संकटांची जत्राच असे. दूषित पाण्यातून पटकी पसरे, चालून थकलेल्या बायका चक्कर येऊन पडत, गर्दीत मुले हरवत आणि नदीकाठचा धोका वेगळाच. परक्या पुरुषाने बाईच्या अंगाला हात लावणे शक्य नसल्यामुळे घाटावर कोसळलेल्या स्त्रीपाशी स्त्रीनेच जावे लागे. म्हणूनच सेवासदनाच्या स्वयंसेविकांचे तेथे असणे ही शोभेची बाब नव्हती. रमाबाई उतारवयातही त्यांच्याबरोबर जात राहिल्या. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हाही त्यांनी मदतीचे काम केले.

त्या वेळच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून बुडालेल्या माणसाविषयीही पाठ असत. १९०३ मध्ये शेफर यांनी मांडलेली पद्धत, म्हणजे रुग्णास पालथे निजवून पाठीवर लयीत दाब देणे, त्या काळी प्रमाण मानली जाई. आज ती कालबाह्य झाली आहे. बुडालेल्यास उलटे धरणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार तर निरुपयोगीच नव्हे तर घातक आहेत, असे आता निश्चितपणे सांगता येते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीवर दाब सुरू करावेत. आणि त्याही आधी, स्वतः पाण्यात उडी घेण्याऐवजी काठी, दोर, साडी किंवा रिकामा कॅन बुडणाऱ्याकडे टाकावा. एकाला वाचविण्यासाठी उतरलेले दोघे-तिघे त्याच्याबरोबर बुडाल्याच्या बातम्या खडकवासला, पवना आणि इंद्रायणीच्या काठावरून दर पावसाळ्यात येतात. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला व चारजण दगावले. नदी तीच आहे, गर्दीचे कारण तेवढे बदलले.

परक्या शरीराला हात लावण्याची भीती मात्र पूर्णपणे गेलेली नाही. सोवळ्याची जागा आता पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने घेतली आहे, इतकेच. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही झाली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पण हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते आणि पुण्याच्या वाहतुकीत तेवढ्या वेळात सिग्नलसुद्धा ओलांडता येईल याची खात्री नाही. मधली मिनिटे जवळ उभ्या असलेल्याच कोणाच्या तरी हातात असतात.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी आणखी एक लढा अंगावर घेतला. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झालेल्या चळवळीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. तुरुंग, यात्रा आणि रुग्णालय यांतून ज्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या, त्यांच्यासाठी केवळ दया पुरेशी नाही, हे त्यांना एव्हाना पुरते कळून चुकले असणार.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या विविध विभागांतून एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ससूनच्या वॉर्डांत शिकून बाहेर पडलेल्या त्यांच्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. आळंदीला येणाऱ्या बायकांनाही ती तेव्हा ठाऊक नव्हती.