दोन बोटांचा वादक : जँगो राइनहार्ट

वादकाचा हात हेच त्याचे खरे धन. तो हातच होरपळला तर? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस जँगो राइनहार्टच्या चरित्रात सापडले.

जँगोचा जन्म 23 जानेवारी 1910 रोजी बेल्जममध्ये, गाड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या एका जिप्सी कुटुंबात झाला. शाळेचे तोंड त्याने फारसे पाहिले नाही. परंतु पोरवयातच तो पॅरिसच्या नृत्यगृहांत बँजो वाजवू लागला. 1928 साली एका रात्री त्याच्या राहत्या गाडीतील सेल्युलॉइडच्या कृत्रिम फुलांनी पेट घेतला. जँगो वाचला, पण डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली.

भाऊ जोझेफ याने त्याला गिटार आणून दिली. जुनी पद्धत आता निरुपयोगी होती. जँगोने तर्जनी व मध्यमा ह्या दोनच बोटांना गिटारच्या दांडीवर वरखाली धावण्यास शिकविले. अधू बोटे काही स्वरमेळांपुरती तार दाबीत. हा सराव महिनोन्‌महिने चालला.

1934 साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेल्ली ह्याच्यासह त्याने पॅरिसमध्ये तंतुवाद्यांचे पंचक उभारले आणि त्याचे नाव युरोपभर गाजले. 1946 मध्ये ड्यूक एलिंग्टन ह्यांच्या वाद्यवृंदासमवेत तो अमेरिकेतही वाजवून आला. 16 मे 1953 रोजी, अवघ्या 43व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, जँगोची ती बोटे अखेरपर्यंत बरी झाली नाहीत. उरलेल्या बोटांना काय साधेल ह्याचा त्याने धीराने शोध घेतला, हे आम्हांस त्याच्या कीर्तीहूनही मोलाचे वाटते.