शूमाखर : मधल्या तंत्रज्ञानाचे प्रवर्तक

एर्न्स्ट फ्रिट्झ शूमाखर यांचा जन्म १९११ साली जर्मनीतील बॉन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्ध केले. शेतमजुरीही वाट्याला आली. पुढे ब्रिटिश राष्ट्रीय कोळसा मंडळाचे ते वीस वर्षे अर्थसल्लागार होते.

कोळशाचे हिशेब मांडणाऱ्या या विद्वानास खरी दिशा मिळाली ती ब्रह्मदेशात. १९५५ साली सल्लागार म्हणून गेलेले शूमाखर तेथे ध्यान शिकले आणि तथागतांचा सम्यक आजीव अर्थशास्त्राला लावून पाहू लागले. एका माणसाला काम देण्यास एक पौंडाचे जुने अवजार अपुरे पडते, हजार पौंडांचे यंत्र गरीब देशाला परवडत नाही. म्हणून शंभर पौंडांचे, गावातच दुरुस्त होणारे साधन हवे, असे त्यांनी मांडले. मध्यम मार्गच हा! १९६६ मध्ये लंडनला त्यासाठी संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हा ग्रंथ आला.

त्यांनी धम्मदीक्षा घेतली नाही. १९७१ मध्ये ते कॅथलिक झाले. हे झाकण्याचे कारण नाही. १९७७ साली स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले. संस्थेचे कार्य नव्या नावाने चालू आहे.